शेजारची सीट रिकामी असताना

एकटीने लांब गाडी घेऊन जायचं ठरलं की मी आधी एकच विचार करते: शेजारच्या सीटवर कुणी असतं, तर त्याने वाटेत काय काय केलं असतं? पाण्याची बाटली उघडून दिली असती, फाटा चुकण्याआधी सांगितलं असतं, रिव्हर्स घेताना उतरून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हटलं असतं, पेंग आली तर बोलत ठेवलं असतं. ही सगळी कामं पुण्यातून निघण्यापूर्वी कुठेतरी सोपवून यायची, एवढीच माझी यादी. गेली काही वर्षं मी हिवाळ्यात पुणे-सोलापूर-विजयपुरा-बदामी अशी जाते, त्यामुळे उदाहरणं त्याच रस्त्याची देते.

आठ दिवस आधी गाडी गॅरेजला दाखवा. ऑइल, कूलंट, ब्रेक, वायपर हे तिथे बघतातच. टायर मात्र स्वतः बघा. बाजूवर कोरलेल्या आकड्यांत शेवटचे चार अंक म्हणजे टायरचं वय: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर कायद्यानेही बाद. हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि स्टेपनीतही भरा, हे मी हात जोडून सांगते. टेंभुर्णीच्या अलीकडे माझं चाक पंक्चर झालं तेव्हा स्टेपनी निम्मी बसलेली होती, आणि चाकाचे नट मशीनने इतके आवळलेले की पान्यावर उभी राहूनही हलेनात. उसाच्या शेतातून दोघे दादा आले, त्यांनी सोडवले. तेव्हापासून निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक स्वतः काढून परत बसवते. अर्धा तास जातो, कपडे खराब होतात. पण जॅक नेमका कुठे लावायचा ते हातांना माहीत झालं की रस्त्यावर छातीत धडधडत नाही. लायटरच्या सॉकेटवर चालणारा हवा भरायचा छोटा पंपही डिकीत ठेवा.

कागदपत्रांचं फार काही नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये असले की चालतात, तरी मी झेरॉक्स घेते. फास्टॅगमध्ये पैसे टाका. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि गावांची नावं एका कागदावर क्रमाने मोठ्या अक्षरांत लिहा: भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ, सोलापूर, विजयपुरा, बागलकोट, बदामी. त्याच कागदावर घरचे दोन नंबर, ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३. फोन बंद पडला तर हा कागदच सोबतीला.

आता झोप. हा मुद्दा मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण शेजारी कुणी नसलं की डोळा लागलेला कुणाला कळणारच नाही. आदल्या रात्री पुरी झोप झाली नसेल तर निघू नका. रात्रीचं सोडा, ढाब्यावर पोटभर जेवून दुपारी दोनला सरळ रस्त्याला लागणं तितकंच धोक्याचं. गाणी मोठ्याने लावून किंवा काच खाली करून पेंग जात नाही. मी दर दोन तासांनी थांबते, आणि पापणी जड झाली की पंपावर, उजेडात, माणसं असतील तिथे गाडी लावते. कडेच्या पट्टीवर कधीच नाही. आधी कॉफी, मग दारं लॉक करून, काच बोटभर उघडी ठेवून वीस मिनिटं डुलकी. उठेपर्यंत कॉफी अंगात उतरलेली असते.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. कारखाने सुरू असतात त्या महिन्यांत या भागात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. आषाढीच्या आधी पालख्या वाटेवर असताना मी हा रस्ता धरतच नाही.

घरी काय सांगायचं तेही आधी ठरवा. व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांनी बंद होतं, दुपारी पुन्हा सुरू करावं लागतं. आईशी माझं ठरलंय: सोलापूरहून एक फोन, पोचल्यावर एक. मध्ये तिने करायचा नाही, कारण चालवताना मी उचलत नाही.

हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, आणि पहिल्या दिवशी पुरं अंतर तोडायचा हट्ट धरू नका. एकटीने जाण्याचं सुख मला तिथेच मिळतं. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आलेत असं कळलं की मी उजनीच्या पाण्याकडे वळते आणि दोन तास तिथेच असते. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा इसवी सन ५७८ चा शिलालेख आहे. मला तो वाचता येत नाही, तरी त्याच्यासमोर मी सकाळभर बसले होते, आणि ‘चला आता’ म्हणणारं कुणी नव्हतं. एकदा अंगात कणकण वाटली म्हणून इंदापूरहूनच परत फिरले. कुणाची सुट्टी वाया गेली नाही, कुणाला समजवावं लागलं नाही.

शेजारच्या सीटवर पिशवी ठेवा आणि तिला पट्टा लावा. त्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सोललेली मोसंबी, नॅपकिन, टॉर्च. बाटली पायाशी कधीही ठेवू नका. घरंगळून ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जाणार नाही.

निघायचं पहाटे पाचला, हडपसर जागं व्हायच्या आत. आदल्या रात्री पुढची काच आतूनही पुसून ठेवा आणि गॉगल हाताशी घ्या. हा रस्ता पूर्वेकडे जातो. उजाडलं की सूर्य थेट समोर येतो.