कोकणात बदली झालीय? थर्मामीटर ठेवा बाजूला, आधी तिथी बघायला शिका

बदलीची ऑर्डर हातात पडली की घाटावरच्या माणसाच्या डोळ्यासमोर आधी समुद्र येतो, मग मासे, मग हापूस, घाम मात्र कोणाच्याच डोळ्यासमोर येत नाही. मी सोलापूरकडची, नोकरीपायी रत्नागिरीत आले आणि इथलीच होऊन गेले. दरवर्षी नवीन लोक येतात, शिक्षक, बँकवाले, कृषी खात्यातले, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अहो आमच्याकडे 43 असतं, इथं 33 तर आहे, त्यात काय एवढं." आणि मग हाच माणूस मार्चमध्ये दुपारी दोनला भगवती किल्ल्यावर फिरायला जातो आणि तटाच्या सावलीत डोकं धरून बसलेला सापडतो.

कारण साधं आहे. घाम आल्याने अंग गार होत नाही, घाम वाळल्याने होतं, आणि इथं हवेतच एवढं पाणी असतं की तो वाळायला जागाच नाही. गावाकडचा माठ इथं आणून ठेवा, पाणी तिकडच्यासारखं गार होतच नाही, तसंच अंगाचं. म्हणून इथं 33 ला निथळणारा माणूस सोलापूरच्या 40 पेक्षा जास्त बेजार होऊ शकतो. मोबाईलवर नुसतं तापमान बघून प्लॅन करू नका, शेजारचा ह्युमिडिटीचा आकडा पण बघा, तो 75-80 असेल आणि वारा पडलेला असेल तर चढाचं काही करायचं नाही, सरळ किनाऱ्यावर जायचं.

सवय होते, पण एसीत बसून होत नाही. आठवडा ते दोन आठवडे रोज तासभर बाहेर हळूहळू चालायचं, मग घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं, शरीर आपोआप शिकतं. सुट्टीला दोन-तीन आठवडे गावी जाऊन आलात की ही सवय बरीचशी उतरते हे पण लक्षात ठेवा, आल्या आल्या रविवारी मोठा ट्रेक नको.

वेळेचं म्हणाल तर इथल्या लोकांकडे बघा. आंबेवाले, कातळावर गुरं नेणारे, सगळे उजाडायच्या आधी उठतात आणि दहा-साडेदहाला सावलीत येतात. बारा ते चार गाव झोपलेलं असतं, घाटावरून आलेला माणूस त्याला आळस म्हणतो (मी पण ऐकलंय हे, स्टाफरूममध्ये), तो आळस नाही. पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच तुमचा वेळ, त्यात भरपूर होतं. पावसजवळचा पूर्णगड संध्याकाळी तासाभरात बघून होतो, खाली मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते ते वरून दिसतं. खेडकडचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा, आणि महिपतगडाला पूर्ण दिवस ठेवा, झाडी आहे पण वाराच लागत नाही.

आता तिथीचं सांगते, कारण किनाऱ्यावर घड्याळापेक्षा कॅलेंडर जास्त कामाला येतं. जुनं गणित आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आत खाडीत आणखी उशिरा, पण अंदाजाला पुरतं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी साडेपाच-सहाला येते, तीही मोठी, आणि ऊन कललेलं, भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या घट्ट वाळूवरून लांबपर्यंत चाला, सायकल पण चालते. अष्टमीला त्याच वेळी गेलात तर भरती असते, ती घट्ट वाळू पाण्याखाली, सुरूच्या झाडांपाशी उभे राहून परत या.

हेच गणित जिवाचं पण आहे. खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर ओहोटीत जाता येतं, आणि भरती लागली की परतीची वाट बंद, मागे कडा. आणि पोहायचं असेल तर ओहोटी चालू असताना खाडीच्या तोंडाशी अजिबात नाही, पाणी समुद्रात ओढून नेतं. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तेवढा साधा नाही, आरे-वारे पण नाही, बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात आणि बहुतेक बाहेरचेच असतात. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला निघायचं, मग किनाऱ्याला यायचं. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दडलेला असतो. त्याचा काटा लागला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून धरायचा आणि दवाखाना गाठायचा.

पिण्याचं: नुसतं पाणी ढोसू नका. घामाबरोबर मीठ जातं, त्यावर लिटरच्या लिटर साधं पाणी प्यायलात तर उलट डोकं दुखतं, मळमळतं. सकाळी निघायच्या आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणचं, याच्यापुढे ते महागडे एनर्जी ड्रिंक काहीच नाही. बाटलीत कोकमचं आगळ. दुकानात दोन गोष्टी मिळतात, कोकमचा साखरेतला अर्क आणि मिठातलं आगळ, उन्हात फिरायला आगळ घ्या, पाण्यात थोडंसं पुरतं. नाहीतर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटे सपाट चमचे. शहाळं आहेच. बियर समुद्रकिनारी बरी वाटते पण पाण्यात उतरायचं असेल तर आधी नको.

कपड्यांबाबत माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही. जाड सुती टीशर्ट आणि जीन्स इथं बेकार, भिजली की दिवसभर ओलीच, मांड्या सोलतात, घामोळं, मग गजकर्ण. पातळ, सैल, लवकर वाळणारं कापड घ्या, आणि घरी आल्या आल्या आंघोळ करून बोटांच्या मधली जागा सुद्धा कोरडी करा. गजकर्णावर मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडवाली मलमं लावू नका, दबतं आणि जास्त जोमाने येतं. बूट वापरून कपाटात टाकलेत तर बुरशी धरणार, आत वर्तमानपत्र कोंबा. सायकल समुद्रावरून आणली की गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल, नाहीतर काही दिवसांत गंज.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जाणारच तुम्ही, कातळशिल्पं बघायला. कशेळीचा हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, यातली काही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर झाड नाही, जांभा तापतो, आणि खालूनही भाजतं, म्हणून सकाळी सात-साडेसातला पोहोचा, तिरप्या उन्हात कोरलेल्या रेषा पण नीट दिसतात, डोक्यावर ऊन आलं की त्या दिसतच नाहीत. आणि इथं फुरसं असतं, विषारी साप. छोटं, दगडाच्या रंगाचं, फटीत बसलेलं. दगड उचलू नका, फटीत हात नको, संध्याकाळनंतर टॉर्च आणि बूट. चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही नाही, हात किंवा पाय हलवायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. लाल विंचवाचंही तसंच, आता त्यावर चांगला उपचार आहे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून इथल्याच पेशंटवर तो उभा केला, त्यांना पद्मश्री पण मिळाली. त्यामुळे मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. दोडामार्ग-बांद्याकडे जंगलात फिरणार असाल तर उन्हाळ्यात गोचीड बघा, माकडताप तिच्यामुळे होतो, परत आल्यावर अंग आणि कपडे तपासायचे.

कोणी बरोबरचा असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावली, अंगावर पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, मग गाडी.

उन्हाळ्यात मालवण-तारकर्लीला स्कूबा करा, कोकणात मे महिन्यात घाम येत नाही अशी ती एकच जागा. पण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत ते सगळं बंद असतं, समुद्रच तसा असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पण बंद. वेळासला कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे आपल्याच वेळा. सायकलवाल्यांसाठी तवसाळ-जयगड आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटी मस्त, फक्त प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पुन्हा चढायचं असतं, नकाशावर 40 किलोमीटर दिसले तरी घाटावरचे 60 धरा.

पावसाळ्यात गारवा असतो म्हणून लोक सुटतात. आंबोलीला जा, रात्री टॉर्च घेऊन बेडूक बघा, जळवा लागतील, मीठ लावा. धबधब्याखाली मात्र वरचं पाणी कधी वाढेल सांगता येत नाही, गढूळ झालं की लगेच बाहेर. शेतातल्या चिखलातून पायाला जखम असताना जाऊ नका, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणारा) ताप येतो.

माझा सगळ्यात आवडता काळ सप्टेंबर, सड्यावर फुलं असतात, पाऊस मधूनमधून, ऑक्टोबरची ती भयंकर तलखी अजून सुरू झालेली नसते. फक्त गणपतीच्या दिवसांत काही ठरवू नका, रेल्वेचं तिकीट मिळत नाही, हायवे तुंबलेला, आणि शेजारी रोज आरतीला बोलावणार, ते नाही म्हणून चालत नाही.