वारा कुठून येतो ते आधी बघा: साक्री तालुक्यातून फ्लाइट डिस्पॅचमध्ये येताना

आमच्या साक्री तालुक्यात वाऱ्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा मी शाळेत होतो. आषाढात सायकलने शाळेत जाताना वारा छातीवर यायचा आणि चार किलोमीटरला पाऊण तास लागायचा. परत येताना पायडल न मारताही सायकल घरच्या वाटेला लागायची. आज मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये डिस्पॅचर आहे. विमान कुठल्या वाटेने, किती उंचीवरून आणि किती इंधन घेऊन जाईल याचा आराखडा आम्ही बनवतो, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे वारा.

धुळे, नंदुरबार, जळगावकडची मुलं मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक बातमीतला असतो. "दादा, ते विमान आवाजापेक्षा जोरात गेलं म्हणे, खरं का?" त्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की या कामाचा निम्मा पाया तयार होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपवर सियारा नावाचं वादळ येत होतं. त्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघालं आणि ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. वाटेत त्याचा जमिनीच्या हिशोबातला वेग ताशी सुमारे १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला होता. व्हर्जिन अटलांटिकचं एक विमान त्याच रात्री त्याच मार्गावर जेमतेम एका मिनिटाने मागे राहिलं. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये नॉर्वेजियन कंपनीच्या बोइंग ७८७ ने हेच अंतर ५ तास १३ मिनिटांत कापलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेल्या एका ७८७ ने पेनसिल्व्हेनियावर ताशी जवळपास १,२९० किलोमीटर गाठले. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग ताशी साधारण १,२२५ किलोमीटर असतो. बातमीत हे दोन आकडे शेजारी छापले जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, विमानाने ध्वनीची भिंत फोडली.

तसं काही झालं नव्हतं. तापीला पूर आलेला असताना होडी वल्हवणारा माणूस आठवा. काठावरच्याला होडी पळताना दिसते, पण वल्हवणाऱ्याचा जोर रोजचाच असतो. पळत असतं ते पाणी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे ५५ अंशांच्या हवेत, आवाजाचा वेगच ताशी १,०६० किलोमीटरच्या आसपास उतरतो. ७८७ सारखं विमान त्याच्या ८५ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर वेगाने हवेतून जातं. ती हवाच पूर्वेकडे ताशी चारशे किलोमीटरने वाहत असेल तर जमिनीवरून मोजताना तेराशे भरतात. पंखांना मात्र त्या हवेचा वेग नऊशेच जाणवतो. हवेतला वेग आणि जमिनीवरचा वेग या दोन गोष्टी डोक्यात कायमच्या वेगळ्या ठेवा. मुलाखतीत आणि परीक्षेत सर्वांत जास्त मुलं इथेच गडबडतात.

ही वाहती हवा म्हणजे जेट स्ट्रीम. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे भिडतात, तिथे वर हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रवाह तयार होतो. रुंदी काहीशे किलोमीटर, जाडी दोन-तीन किलोमीटर. तापमानातला फरक जितका मोठा तितका तो जोरात, म्हणून हे वेगवान प्रवास बहुतेक हिवाळ्यात घडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनजवळ सोडलेल्या हवामानाच्या फुग्याने ताशी सुमारे ४२५ किलोमीटरचा वारा नोंदवला होता. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात असेच फुगे सोडून हा वारा मोजला आणि अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. तो फार कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून गेली, तेव्हा वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला. ओइशींचं काम वाचलं गेलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण केलेली नोंद समोरच्याला कळेल अशी लिहिणं हेही डिस्पॅचरचं रोजचं काम आहे.

आपल्याशी याचा काय संबंध, असं वाटेल. हिवाळ्यात या प्रवाहाची दक्षिणेकडची शाखा हिमालयाच्या दक्षिण बाजूने, उत्तर भारतावरून वाहते. कधी ती आणखी खाली झुकते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिच्यामागे वरच्या हवेतली अशीच हालचाल होती. आमचा काढणीला आलेला गहू तेव्हा आडवा झाला. मी धुळ्याला बी.एस्सी. करत होतो. शेताच्या बांधावर उभं राहून, हे आभाळातून नेमकं कुठून आलं, असं बाबांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. पुढे हवामानशास्त्राचं पुस्तक हातात घेतलं ते त्या प्रश्नापायी. पावसाळ्यात उलट घडतं. दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा जेट असतो, आणि त्याचा सविस्तर अभ्यास १९५८ मध्ये आपलेच हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी मांडला.

आता कामाकडे येतो. मागून वारा मिळाला म्हणजे फक्त लवकर पोचणं, असा नवख्यांचा समज असतो. कंपनीला मिनिटांपेक्षा इंधनाचे किलो मोजायचे असतात. जोराचा टेलविंड असेल तर आम्ही पुष्कळदा विमानाला हवेत थोडं सावकाश उडायला लावतो, इंधन वाचवतो आणि तरीही वेळेत पोचतो. अर्धा तास आधी पोचलेल्या विमानाला उतरून उभं राहायला रिकामी जागा मिळतेच असं नाही. मग गिरट्या घालण्यात वाचलेलं इंधन परत जातं.

वारा सोयीचा नसेल तर वाट बदलायची. उत्तर अटलांटिकवर विमानांसाठी ठरवलेले मार्ग रोज वाऱ्यानुसार नव्याने आखले जातात. पूर्वेकडे जाणारे जेटवर स्वार होतात, पश्चिमेकडे जाणारे त्याला वळसा घालतात. माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र आपल्याकडचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, वाऱ्याच्या तोंडावर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढून १५,३०० च्या घरात गेलं, तरी साधारण साडेचौदा तासांत विमान पोचलं. आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. लांबची वाट जवळची कशी ठरते, हे वहीत स्वतः मांडून बघा. माझं या कामावर प्रेम बसलं ते या एका गणितामुळे.

दुसरं एक गणित हातानेच करा, कॅल्क्युलेटर नको. ३,६०० किलोमीटरचं अंतर, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन ८ तास. आता १०० चा वारा धरा. जाताना १,००० च्या वेगाने ३.६ तास, येताना ८०० ने ४.५ तास. बेरीज ८.१. जाताना जे मिळतं त्यापेक्षा येताना जास्त जातं, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. सायकलवर हे मला पायांनी कळलं होतं, कागदावर उतरायला तिसरं वर्ष उजाडलं.

प्रशिक्षणातली माझी चूकही सांगतो, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. हाताने नेव्हिगेशन लॉग, म्हणजे प्रवासातला वेग, वेळ आणि इंधन यांचा तक्ता, भरायचा सराव होता, मुंबई ते दुबई. वारा दिला होता २८० अंश, ९० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर). मी २८० म्हणजे पश्चिम, विमानही पश्चिमेला, म्हणजे वारा सोबतीचा, असं धरून विमानाच्या हवेतल्या ४६० नॉट वेगात ९० मिळवले. हवामानात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिथून येतो ती दिशा. तो वारा थेट नाकावर होता. ३७० च्या जागी मी ५५० लिहिले, पावणेतीन तासांहून जास्तीचा प्रवास दोन तासांच्या आत बसवला आणि दोन टनांहून जास्त इंधन कमी भरलं. प्रशिक्षकांनी लॉग परत दिला आणि एवढंच विचारलं, "हे विमान समुद्रात कुठे उतरवणार?" रात्रभर झोप आली नाही. खळ्यावर उपणायला उभं राहताना बाबा दरवेळी म्हणायचे, "वारा कथाईन यी ऱ्हायना ते पह्यले देख, मंग सूप उचल." लहानपणापासून कानावर असलेली गोष्ट मी कागदावर विसरलो होतो. तेव्हापासून कुठलाही आकडा लिहिण्याआधी मी समासात एक बाण काढतो, आजही.

वाऱ्याच्या भरवशावर इंधन कमी घेता येत नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं. अंदाजातला वारा गृहीत धरून प्रवासाचं इंधन निघतं. त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठीचा वाटा, साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी जेट विमानासाठी अर्ध्या तासाचं राखीव, ज्याला हात लावायचा नाही. शिवाय जेटच्या कडेला निरभ्र आकाशात अचानक धक्के बसतात. तिथे ढग नसतो, रडारवर काही दिसत नाही. म्हणून कधी वीस मिनिटांचा फायदा सोडून आम्ही खालची उंची देतो, आणि मला तो निर्णय नेहमी बरोबर वाटतो. केबिनमध्ये कुणाचं तान्हं बाळ असतं.

या क्षेत्रात यायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. डिस्पॅचरसाठी डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता लागते. तिच्या अटी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. क्लासच्या जाहिरातीवरून पैसे भरू नका. ज्यांना हवामानच आवडतं त्यांनी पुणे विद्यापीठातला वातावरणशास्त्राचा अभ्यासक्रम बघावा. ज्यांना उडायचं आहे त्यांना व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च मोठा आहे. शेत विकण्याआधी घरात सगळ्यांशी नीट बोला. इंग्रजीची भीती मलाही होती. या कामातलं इंग्रजी ठरावीक शब्दांचं असतं, सहा महिन्यांत बसतं. अहिराणी बोलणाऱ्या मुलाने स्वतःला कमी समजायचं काही कारण नाही.

रात्रपाळीची तयारी मात्र मनापासून ठेवा. दिवाळीला घरी जायला मिळालं नाही असं माझं चार वेळा झालं आहे. आईला ते अजून पटत नाही.

सुरुवात आजच करता येते, फी न भरता. वरच्या हवेचे नकाशे इंटरनेटवर मोफत मिळतात. त्यातल्या वाऱ्याच्या काडीला अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. काडीच्या ज्या टोकाला रेघा असतात तिकडून वारा येतो. जगभर फुगे मुख्यतः दिवसातून दोनदा सोडतात, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. आपल्याकडे मुंबई आणि नागपूरलाही. डिसेंबरात महिनाभर एक वही करा. रोज साधारण ३४,००० फुटांवरचा नकाशा बघून मुंबई–कोलकाता विमानाला जाताना आणि येताना हवेत किती वेळ लागेल याचा अंदाज लिहा, मग विमानं दाखवणाऱ्या ॲपवर खरा वेळ बघून शेजारी मांडा. पहिल्या आठवड्यात अंदाज बराच चुकेल. चुकलेला आकडा खोडू नका, त्याखाली कारण लिहा. जुलैत तीच वही पुन्हा उघडा आणि त्याच मार्गावर जाण्या-येण्यातला फरक किती उरला ते बघा. मला फोन कराल तेव्हा ती वही समोर घेऊन बसा, मी तिच्यातलेच प्रश्न विचारतो.