विहिरीवर डबा बसवण्याआधी

विहिरीतल्या पाण्याची पातळी एसएमएसने कळवणारा डबा बॅटरीवर चालवायचा असेल, तर बरीचशी तयारी घरच्या टेबलावरच उरकून घ्या. मी इथे सिम800एल (सिम घालून एसएमएस पाठवणारं छोटं मॉड्यूल) धरून लिहितोय. हे मॉड्यूल फक्त 2जीवर चालतं आणि जिओचं 2जी नेटवर्कच नाही, म्हणून सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. विहिरीपाशी रेंज येते का, तेही साध्या 2जी फोनवर आधी बघा.

वीज 3.4 ते 4.4 व्होल्टच्या मधली हवी. संदेश पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढ बसते, म्हणून वायर जाड आणि आखूड ठेवा. 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मॉड्यूलला चिकटूनच लावा.

आता सिरियल, म्हणजे मॉड्यूल आणि त्याला चालवणारा मायक्रोकंट्रोलर (आर्डुइनोसारखा छोटा संगणक) यांच्यातली बोलण्याची जोडणी. बहुतेकांची बॅटरी इथेच वाया जाते. मॉड्यूल ऑटोबॉडवर (बोलण्याचा वेग आपोआप ओळखण्यावर) असेल तर चालू झाल्याचं ते आपणहून सांगत नाही. त्यामुळे एटी+आयपीआर=9600 ही आज्ञा (मॉड्यूलला सिरियलवरून द्यायच्या आज्ञा अशा एटीने सुरू होतात) देऊन वेग पक्का करा आणि एटी&डब्ल्यू करून जपून ठेवा. मग झोपेचं. एटी+सीएससीएलके=0 असताना मॉड्यूल कधीच झोपत नाही. 2 दिलं तर सिरियलवर पाच सेकंद शांतता झाली की झोपतं, पण उठवताना पाठवलेली पहिली अक्षरं हरवतात. एटीला उत्तर आलं नाही म्हणून प्रोग्राम त्याला मेलेलं समजतो आणि रिसेट करतो. मग पुन्हा नेटवर्कचा शोध, आणि झोपेत वाचवलेलं सगळं त्यात खर्च! माझा पहिला डबा असाच दर तासाला स्वतःला रिसेट करत बसला होता.

म्हणून माझा आग्रह एटी+सीएससीएलके=1चा, म्हणजे मॉड्यूलच्या डीटीआर पिनेला जोडलेल्या तारेचा. ती वर (व्होल्टेज असलेली) असेल तर झोप, खाली (शून्याला) ओढली की जाग. खाली ओढल्यावर 50 मिलिसेकंद थांबा, मगच बोला. एसएमएस पाठवल्यावर ओके येईपर्यंत तार वर नेऊ नका. तुमचा मायक्रोकंट्रोलर स्वतः झोपल्यावर ही तार लोंबकळत राहू नये, म्हणून तिला पुल-अप रेझिस्टर (तार वर धरून ठेवणारा) हवाच. मॉड्यूलच्या सिरियल पिना 2.8 व्होल्टच्या आहेत. पाच व्होल्टचा आर्डुइनो थेट जोडू नका, मधे लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारा भाग) घाला. मॉड्यूलची वीज तोडणार असाल तर आर्डुइनोची टीएक्स (पाठवणारी) पिनही खाली न्या, नाहीतर मॉड्यूलच्या आरएक्सवाटे (घेणाऱ्या पिनेवाटे) वीज शिरून मॉड्यूल अर्धवट जिवंत राहतं.

एसएमएस आला की रिंगची पिन 120 मिलिसेकंद खाली जाते. ती मायक्रोकंट्रोलरच्या इंटरप्टला (त्याला झोपेतून उठवणाऱ्या पिनेला) जोडा. त्याच वेळी सिरियलवर येणारा मजकूर झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरच्या हातून निसटतो, त्यामुळे एटी+सीएनएमआय=2,1 ठेवून संदेश आधी साठू द्या आणि जाग आल्यावर वाचा. वाचलेले पुसत जा, कारण सिममध्ये जागा थोडीच असते.

मॉड्यूलवरचा लुकलुकणारा दिवा एटी+सीनेटलाइट=0 ने बंद करा.

शेवटी मीटर लावा. नुसतं जागं असताना साधारण 18 मिलिअँपिअर दिसतील, झोपेत एकच्या आसपास. 2500 मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर, संदेशांचा खर्च सोडून, हा फरक सहा दिवस आणि शंभर दिवस इतका आहे. झोपेतही 18 दिसले तर आधी डीटीआर खरंच वर आहे का, ते तपासा. आकडा बरोबर आला की डबा रात्रभर टेबलावर तसाच ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या त्याला एक एसएमएस करा. पहिल्याच फटक्यात उत्तर आलं, तरच विहिरीवर न्या.