लाइट गेले की सम्पची परीक्षा: खाऱ्या पाण्याच्या टाकीत या चुका टाळा

सम्प म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीखाली ठेवलेली, काचांनी कप्पे पाडलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या जाळीतून खाली येतं आणि पंप ते रिटर्नच्या नळीने परत वर ढकलतो. हा सम्प घेताना बहुतेक जण एकच विचारतात, "किती लिटरचा?" विचारायला हवं ते हे, की पंप बंद पडल्यावर वरून येणारं पाणी त्यात मावेल का? पंप चालू असेपर्यंत कुठलाही सम्प गुणी बाळासारखा वागतो. खोट निघते ती लाइट गेल्यावर.

हिशोब घरच्या घरी होतो. समजा टाकी ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आहे आणि रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्याखाली १० सेंमीवर आहे. पंप थांबला की हीच नळी उलटं पाणी ओढायला लागते आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. ९० x ४५ x १० म्हणजे ४०,५०० घनसेंमी, साडेचाळीस लिटर! तेच तोंड २ सेंमीवर आणलं तर जेमतेम आठ लिटर उतरतं. वर ओव्हरफ्लोच्या पेटीतलं आणि पाइपांमधलं पाणी धरायचं ते वेगळंच.

यावर "चेक व्हॉल्व बसवलाय ना" असं उत्तर हमखास मिळतं. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या या झडपेवर माझा विश्वास नाही. एखादी बारकी गोगलगाय किंवा कॅल्शियमचा खडा झडपेत अडकला की तो नीट मिटत नाही, आणि हे कळतं फरशी ओली झाल्यावर. त्यापेक्षा नळीचं तोंड वर घ्या, किंवा पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली नळीला बारीक भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि ओढ तुटते. पण या भोकात शेवाळ साठतं, म्हणून महिन्यातून एकदा टूथपिक फिरवायची.

सम्प बसवला की मार्करने दोन रेघा मारा. पंप चालू असतानाची पातळी ही पहिली. मग पंप बंद करा, पाणी उतरायचं पूर्ण थांबेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं वाट बघा, आणि दुसरी मारा. दुसरी रेघ काठापासून चार-पाच बोटं तरी खाली हवी. घोळ बहुधा पुढे होतो: पाणी बदलताना पंप बंद असतो, सम्प भरलेला दिसतोय की नाही एवढंच बघून आपण बादली ओततो आणि दुसऱ्या रेघेच्या वर जातो.

परीक्षा उलट्या बाजूनेही असते

ओव्हरफ्लोच्या जाळीत शेवाळाचा गोळा अडकला तर काय? खाली पाणी येणं थांबतं, पण पंप रिटर्नचा कप्पा, म्हणजे सम्पमधला तो स्वतः बसतो तो कप्पा, कोरडा होईपर्यंत वर ढकलत राहतो. वरच्या ९० x ४५ च्या टाकीत काठापर्यंत ३ सेंमी मोकळे असतील तर तिथे मावतात साधारण १२ लिटर. पंप ओढू शकेल असं पाणी रिटर्नच्या कप्प्यात २० लिटर असेल, तर उरलेले आठ जमिनीवर. म्हणून रिटर्नचा कप्पा मोठा असलेला बरा, हा सल्ला डोळे मिटून घेऊ नका.

पण कप्पा लहान ठेवला की बाष्पीभवन जाणवतं. मधल्या काचा बाकीच्या कप्प्यांची पातळी धरून ठेवतात, त्यामुळे उडालेल्या पाण्याची घट दिसते ती फक्त इथेच. २५ x ३० सेंमीच्या कप्प्यातून दोन लिटर गेले की पातळी पावणेतीन सेंमी उतरते. पंप हवा ओढायला लागतो आणि वरच्या टाकीत साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे दिसतात. असे बुडबुडे दिसले की बाकी काही उघडण्याआधी ही पातळी बघा. हीटरही या कप्प्यात नको. उघडा पडला की काच तडकू शकते.

ही घट गोड्या पाण्याने भरायची, आरओ-डीआयच्या, म्हणजे फिल्टरने क्षार काढलेल्या. मीठ उडून जात नाही, फक्त पाणी जातं. २०० लिटरच्या यंत्रणेत रोज दोन लिटर खारं पाणी ओतलं तर क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, रोज एक टक्क्याने चढते. हजारी ३५ ची दहा दिवसांत साडेअडतीस होते. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे ही घट साठ्यातून आपोआप भरणारा छोटा पंप, लावलात तर त्याचा साठा सम्पच्या पातळीपेक्षा उंच ठेवू नका, आणि नळीचं टोक सम्पच्या पाण्यात बुडवू नका. माझ्याकडे साठा उंचावर होता आणि टोक बुडालेलं होतं. छोटा पंप बंद झाला तरी सायफन, म्हणजे नळीतून पाण्याची आपोआप ओढ, चालूच राहिला, सकाळी साठा रिकामा आणि क्षारता घसरलेली!

स्किमरला, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राला, ठरावीक खोलीचं पाणी लागतं, बऱ्याच मॉडेलना १८ ते २३ सेंमीच्या आसपास. आधी स्किमर ठरवा, मग त्याच्या कप्प्याची काच किती उंच ते. वरचा कप उचलून काढायला जागा आहे ना, हेही मोजा. स्टँडच्या दारातून सम्प बाहेर निघतो का? मधे खांब असेल तर टाकी भरल्यावर सम्प कायमचा आत.

देखभालीत सर्वांत जास्त हेळसांड होते फिल्टर सॉकची, म्हणजे खाली येणारं पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीची. तीन-चार दिवसांत तो तुंबतो, पाणी वरून वाहून जातं आणि अडकलेली घाण तिथेच कुजून नायट्रेट वाढवते. गरम पाण्याने धुवा, साबण नको, आणि पूर्ण वाळवूनच परत लावा. दोन-तीन जास्तीचे ठेवले की कंटाळा येत नाही. काचांच्या तळाशी बसलेला गाळ पाणी बदलताना नळीने ओढून घ्यायचा. नळीला तांब्या-पितळेची क्लिप लावू नका. तांबं कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना विष आहे.

वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेईल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या टोकावरून खाली ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही.

आणि पंप. दर तीन महिन्यांनी खोलून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा, चुन्याचा थर सुटतो. मग साध्या पाण्याने स्वच्छ धुवा. थर चढलेला पंप चालू असेपर्यंत कुरकुरत का होईना चालतो, पण एकदा थांबला की लाइट आल्यावर पुन्हा फिरेलच असं नाही. म्हणून लाइट परत आले की सम्पमध्ये डोकावा: पातळी पहिल्या रेघेवर आली नसेल, तर पंप अडकलाय.