डेटाबेस सर्व्हरचं नेटवर्क तपासताना या चुका टाळा

‘डेटाबेस स्लो आहे’ अशी तक्रार आली की डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) नेटवर्कवाल्यांकडे बोट दाखवतो आणि ते उत्तरादाखल ग्राफ पाठवतात: लिंक जेमतेम १५ टक्के वापरात. दोघंही खरं बोलत असतात, तक्रार मात्र जागच्या जागी.

पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबू नका. मधले तीन सेकंद लिंक तुडुंब भरली तरी त्या ग्राफवर साधा उंचवटाही येत नाही. लिनक्सवर ‘सार’ कमांड दर सेकंदाचे आकडे देते, ते बघा. मॉनिटरिंग एसएनएमपीच्या (नेटवर्क उपकरणांकडून आकडे गोळा करण्याची पद्धत) जुन्या, बाइट मोजणाऱ्या ३२ बिटी काउंटरवर असेल तर आणखी गंमत! पूर्ण वेगाने चाललेल्या एक गिगाबिट लिंकवर तो सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ६४ बिटीच वापरा.

पण माझ्या मते खरा घोळ बहुतेकदा बँडविड्थमध्ये (लिंकच्या क्षमतेत) नसतोच, तो फेऱ्यांमध्ये असतो: अ‍ॅपने विचारायचं, डेटाबेसने उत्तर द्यायचं, ही झाली एक फेरी. समजा, ऑर्डरची यादी एका क्वेरीत आणली आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव वेगळ्या क्वेरीने विचारलं. २००० ऑर्डर म्हणजे २००० फेऱ्या. अ‍ॅप शेजारच्या रॅकमध्ये असताना फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, एकूण एक सेकंद, खपून जातं. अ‍ॅप दूरच्या क्लाउडवर हलवलं, फेरी २० मिलिसेकंदांची झाली, की तेच पान ४० सेकंद घेतं. आणि ट्रॅफिकचा ग्राफ? तो उलट खाली आलेला असतो, कारण तेवढाच डेटा आता जास्त वेळात जातो. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरचंही (जावा अ‍ॅपला डेटाबेसशी जोडणारा भाग) तेच: मुळात तो एका फेरीत १० ओळी आणतो. दहा हजार ओळींच्या रिपोर्टला हजारेक फेऱ्या. फेच साइझ (एका फेरीतल्या ओळींची संख्या) ५०० केली तर वीसेक उरतात. कोडमध्ये एका ओळीचा बदल, पण तो सुचवायला आधी फेऱ्या मोजाव्या लागतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘असिंक नेटवर्क आयओ’ हा वेट (सर्व्हर कशासाठी थांबलाय याची नोंद) दिसला की लगेच केबल बदलायला धावू नका. नाव फसवं आहे. सर्व्हर ओळी घेऊन तयार असतो, समोरचा क्लायंट (डेटा मागणारा) त्या उचलत नसतो. बऱ्याचदा अ‍ॅप एकेक ओळ चघळत बसलेलं असतं, नाहीतर कुणीतरी अख्खं टेबल स्क्रीनवर मागवलेलं असतं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘क्लायंट राइट’ हा वेट दिसला तरी आधी क्लायंटच तपासा.

पिंग चालतो म्हणजे सगळं आलबेल, हेही नको. पिंगचं पाकीट छोटं असतं. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) दोन्ही टोकांना चालू आणि मधल्या स्विचवर बंद असेल, तर लॉगिन होतं, छोट्या क्वेरी पळतात आणि मोठा निकाल लटकतो. ९००० एमटीयूसाठी (पाकिटाचा कमाल आकार) ८९७२ बाइटचा पिंग (बाकीचे बाइट हेडरचे), तुकडे न करण्याच्या अटीसह, मारून बघा.

टीसीपीडम्प (पाकिटं पकडून नोंदवणारं साधन) शेवटी. चालू सर्व्हरवर लावताना पोर्ट ठरवा, पाकिटाचे फक्त सुरुवातीचे बाइट घ्या, फाइलच्या आकाराला मर्यादा घाला. टीएलएस (एन्क्रिप्शन) नसेल तर पूर्ण कॅप्चरमध्ये ग्राहकांची माहिती उघडी पडते, म्हणून काम झालं की ती फाइल तिथे ठेवू नका.