पोपट कॅरियरमध्ये, गाडी रस्त्यावर: नाशिकहून पक्षी घेऊन निघण्याआधी

पोपटाच्या जातीचा पक्षी भेदरला की बऱ्याचदा ओरडत नाही, गप्प होतो. पिसं अंगाशी घट्ट आवळून, मान ताठ करून एका जागी बसून राहतो, आणि आपल्याला वाटतं, स्वारी निवांत आहे. पण घाबरलेला पक्षी खात नाही, पाणी पीत नाही. चाळीस ग्रॅमच्या बजीच्या (बजरीगर या छोट्या परदेशी पोपटाच्या) अंगात उपाशी राहण्याएवढा साठा नसतो. म्हणून कॅरियर, म्हणजे प्रवासात पक्षी ठेवायचा छोटा पिंजरा किंवा पेटी, ही त्याच्या ओळखीची, आवडीची जागा व्हायला हवी, आणि ते काम निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी घरीच सुरू करावं लागतं. गाडी, रस्ता, एसी यांचा विचार त्यानंतर.

आधी कायद्याचं. गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा पोपट, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट, जांभळट डोक्याचा पोपट हे सगळे भारतीय पक्षी आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पाळणं हा गुन्हा आहे. घरात असा पक्षी असेल तर तो गावाला नेऊ नका आणि घाईने उडवूनही देऊ नका; पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तगत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. इथे लिहिलंय ते बजी, लव्हबर्ड, कॉकाटील, कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी मूळच्या पक्ष्यांबद्दल. त्यांतल्या ग्रे, मकाव, सन कॉन्युअर अशा जातींची २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. तिची प्रत, पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि पक्ष्याचा पायातली कडी दिसेल असा फोटो सोबत ठेवा. बर्ड फ्लूची बातमी असेल त्या काळात, ज्या जिल्ह्यात जायचंय तिथले निर्बंध तपासल्याशिवाय निघू नका. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते उत्तर महाराष्ट्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

कॅरियर कसा असावा

घरचा मोठा पिंजरा प्रवासाला नेणं ही सर्रास होणारी चूक. मोठ्या पिंजऱ्यात गतिरोधकावर पक्षी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतो, झोके आणि घंटा डोक्यावर आपटतात. प्रवासाची जागा लहानच हवी: पक्ष्याला पूर्ण वळता यावं, दांडीवर बसल्यावर शेपटी तळाला किंवा मागच्या भिंतीला घासू नये, पंख थोडे उचलता यावेत, पण उडी मारून वेग घेण्याएवढी मोकळीक नसावी. कॉकाटीलला साधारण ३० सेंमी लांब, २२ ते २५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच पुरतो. मांजरासाठी मिळणारा कडक प्लॅस्टिकचा कॅरियर दांडी बसवून घेतला की कॉन्युअर आणि ग्रेला छान चालतो. मऊ कापडी बॅग मात्र ग्रेसारख्या चोचीपुढे फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात जाळी कुरतडून डोकं बाहेर येतं.

तारेचा असेल तर दोन तारांमधलं अंतर मोजा. बजी आणि लव्हबर्डला १० ते १२ मिमी, कॉकाटील आणि कॉन्युअरला १२ ते १६ मिमी, ग्रेला १९ ते २५ मिमी. अंतर जास्त झालं की पक्षी डोकं घालतो आणि अडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा, कारण पक्षी वैतागला की तार चावतो आणि जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. स्टेनलेस स्टील महाग पडतं, पण त्यात काटकसर करू नये.

दांडी तळापासून ५ ते ७ सेंमीवर, एकच. उंच दांडीवरून पडला तर छातीचं हाड दुखावतं. जाडी बजीला १० ते १२ मिमी, कॉकाटीलला १५ ते २० मिमी, ग्रेला २५ ते ३० मिमी. पेरूची किंवा कडुनिंबाची फवारणी न झालेली फांदी धुऊन, उन्हात वाळवून वापरा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांडीवर वळणावर पाय निसटतात. फांदी दोन्ही टोकांना वॉशर आणि विंगनट लावून पक्की करा, हलवून बघितल्यावर फिरता कामा नये. तळाला आधी जुना टॉवेल, त्यावर वर्तमानपत्र किंवा किचन पेपर. टॉवेलची पकड राहते आणि कागदावर विष्ठा नीट दिसते, तिचा उपयोग पुढे आहे. लाकडाचा भुसा नको. पंख फडफडले की सगळा डोळ्यांत आणि नाकात जातो.

वर सरकवून उघडायचं दार पक्षी चोचीने सहज उचलतो. दाराला आणि वाट्यांच्या झडपांना स्प्रिंगचा स्टीलचा हुक लावा. टाचणी, दोरा, रबरबँड यांवर विसंबू नका.

सराव

पहिले तीन-चार दिवस कॅरियर दार काढून पिंजऱ्यासमोर नुसता ठेवा. पक्षी त्याच्याकडे बघत आरामात खाऊ लागला की रोज हातभर जवळ आणा. मग दारात बाजरीचं किंवा राळ्याचं कणीस बांधा. हे कणीस या काळात दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही, फक्त कॅरियरपाशी. दोन दिवसांनी तेच कणीस आतल्या दांडीपलीकडे. पक्षी स्वतःहून आत जाऊन खायला लागेपर्यंत दाराला हात लावू नका. घाई इथेच होते आणि इथेच सगळं बिघडतं: पक्षी पहिल्यांदा आत गेला की लोक आनंदाने दार लावतात, तो धडपडतो आणि आठवडाभराची मेहनत वाया जाते.

आत जाणं अंगवळणी पडल्यावर दार दहा सेकंद बंद, कणीस, उघडा. मग एक मिनिट, पाच मिनिटं. मग कॅरियर उचलून एका खोलीतून दुसरीत. मग बंद गाडीत पाच मिनिटं, इंजिन सुरू करून पाच मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत, शेवटी पंधरा मिनिटांची फेरी. कुठल्याही टप्प्यावर पिसं आवळली, खाणं थांबलं किंवा पक्षी दाराशी चढउतार करू लागला, तर मागच्या टप्प्यावर दोन दिवस थांबा. फेरी संपली की घरी आणा आणि लाड करा. कॅरियर निघाला की प्रत्येक वेळी डॉक्टरकडेच जातो असं पक्ष्याने ठरवून टाकलं की ते पुसायला फार वेळ लागतो.

सराव न करता अचानक न्यावं लागलं तर खोली अंधारी करा, पंखा बंद करा आणि पक्ष्याला मागून हलक्या टॉवेलमध्ये घ्या. डोकं दोन्ही बाजूंनी बोटांनी सांभाळायचं, छाती अजिबात दाबायची नाही. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. श्वासासाठी त्यांची छाती पुढे-मागे हलावीच लागते. आवळून धरला तर तो हातातच गुदमरतो.

निघण्याचा दिवस

सकाळी स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. नेहमीचं खाणं द्या, पण निघण्याआधी तासभर पोट गच्च भरू देऊ नका. उपाशी मात्र ठेवायचं नाही, छोट्या पक्ष्याला तर मुळीच नाही. गाडी चालू असताना पाण्याची उघडी वाटी काढून टाका. ती सांडते, अंग भिजतं आणि एसीच्या झोतात पक्षी गारठतो. तिच्याऐवजी काकडीची चकती, सफरचंदाची बिया काढलेली फोड किंवा दोन-तीन द्राक्षं. द्राक्षं नाशिकची असली तरी, किंबहुना बागेतून थेट आली असतील तर जास्तच, वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. फवारणीचा अंश त्या इवल्या शरीराला पुरेसा असतो. अवोकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण यांतलं काहीही प्रवासात कुणी कौतुकाने भरवणार नाही याकडे लक्ष ठेवा.

गाडीतला लटकवलेला परफ्यूम दोन दिवस आधी काढून टाका आणि काचा उघड्या ठेवून गाडी हवेशीर करा. पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात आणि फुफ्फुसं हवेतला प्राणवायू माणसापेक्षा जास्त कार्यक्षमतेने शोषतात. तशीच ती धूर, अत्तर आणि वाफाही शोषतात. गाडीत सिगारेट ओढणारा कुणी असेल तर त्याला दुसऱ्या गाडीत बसवा.

कॅरियर मागच्या सीटवर, सीटबेल्ट त्यावरून ओढून, उरलेल्या फटीत गुंडाळलेले टॉवेल. छोटा कॅरियर पुढच्या सीटमागे पायाच्या जागेत घट्ट बसवला तरी चांगला, फक्त सीटखालून एसीचा झोत येतो का ते हाताने बघा. मांडीवर नको, एअरबॅगसमोर नको, डिकीत तर नकोच. तीन बाजूंनी पातळ सुती ओढणी टाका, चौथी बाजू तुमच्याकडे उघडी. बाहेरून सपासप मागे जाणाऱ्या झाडांच्या सावल्या पक्ष्याला झडप घालणाऱ्या घारीसारख्या भासतात. पूर्ण झाकलं की हवा कोंडते, आणि पक्ष्याला काय होतंय ते आपल्यालाही दिसत नाही.

शहरात डॉक्टरपर्यंत रिक्षाने जात असाल तर मधोमध बसा आणि कॅरियर मांडीवर दोन्ही हातांनी धरा. इथे बांधायला दुसरी जागा नसते. स्कूटर शक्यतो टाळा. दहा मिनिटांचाच प्रश्न असेल तर पायांमधल्या जागेत कडक कॅरियर हुकवाल्या रबरी पट्ट्याने बांधून, वाऱ्याची बाजू झाकून न्या. हँडलला लटकवलेला पिंजरा प्रत्येक खड्ड्यात हिसके देतो.

द्वारका चौकात गाडी अडकली की काचा बंद आणि एसीची हवा आतल्या आत फिरवण्यावर ठेवा, बाहेर पडल्यावर पाच मिनिटं बाहेरची हवा घ्या. कसारा घाटातही तेच. चढणाऱ्या ट्रकचा डिझेलचा धूर आणि उतारावर तापलेल्या ब्रेकचा वास दोन्ही वाईट. घाटातल्या वळणांनी काही पक्ष्यांना मळमळतं: मान झटकतात, ओकतात, डोक्याची पिसं चिकट होतात. अशा पक्ष्याला समोरची काच दिसेल असं बसवलं की बऱ्याचदा फरक पडतो. इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा समृद्धी महामार्गाचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईकडे जाताना घाटाची वळणं टाळता येतात. मात्र त्यावर जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि आतले दिवे एकामागून एक डोळ्यांवर येतात. बोगद्याआधी ओढणी पुढूनही थोडी सोडा आणि बोलत राहा, ओळखीच्या आवाजाने पक्षी सावरतो.

दर दीड-दोन तासांनी थांबा. काचा बंद ठेवून पाण्याची वाटी लावा आणि दहा मिनिटं गाडी हलवू नका. मुंबईच्या वाटेवर इगतपुरी, पुण्याच्या वाटेवर संगमनेर ही सोयीची ठिकाणं. ढाब्याच्या टेबलावर कॅरियर ठेवू नका. तिथे भट्टीचा धूर, मांजरं आणि जाळीतून बोट घालणारी मुलं असतात. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्यांना शहरात ये-जा करायची तर वळवलेले रस्ते आधी पाहून घ्या. बंद रस्त्यावर तीन तास अडकणं पक्ष्याला परवडत नाही.

ऊन आणि थंडी

गाडीत २४ ते २६ अंश ठेवा. एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला निघा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट फार बोचरी असते. नऊनंतर, गाडी आतून उबदार करून मगच पक्षी बाहेर आणा. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी, पंख अंगापासून लांब, धाप लागलेली, असं दिसलं तर लगेच सावलीत न्या आणि साध्या पाण्याने पाय ओले करा, अंगावर हलका फवारा मारा. बर्फाचं पाणी नको, बुडवायचं नाही. पंधरा मिनिटांत धाप थांबली नाही तर सरळ डॉक्टर.

नख तुटून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकाला दाबा. पीस तुटून आलेल्या रक्तावर किंवा कातडीच्या जखमेवर ते लावायचं नाही. तिथे स्वच्छ गॉझ दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पस्तीस ग्रॅमच्या बजीच्या अंगात जेमतेम साडेतीन मिली रक्त असतं. सात-आठ थेंबांपेक्षा जास्त गेलं की ते गंभीर समजा. मांजराचं नख किंवा दात लागला असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं.

पोहोचल्यावर

ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधीच फोनवर सांगा: त्या खोलीत मच्छर कॉइल, अगरबत्ती, धूप, कापूर नाही, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात नॉनस्टिक तवा रिकामा तापवायचा नाही. त्याचा लेप जास्त तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. कॅरियर उघडण्याआधी खिडक्या बंद, आरशावर कापड, आणि छताच्या पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. कुणीतरी सवयीने पंखा लावतंच.

कॉकाटील अनोळखी खोलीत रात्री अचानक दचकून पिंजरा डोक्यावर घेतात, म्हणून मंद दिवा चालू ठेवा. पक्षी चुकून बाहेर उडाला तर कॅरियर त्याच जागी, दार उघडं आणि कणीस लावून ठेवा आणि अंधार पडेपर्यंत नाव घेत आसपास फिरा. बहुतेक पक्षी सुरुवातीला जवळच्याच झाडावर असतात.

पोहोचल्यावर पहिला तासभर विष्ठा पाणीदार असेल तर घाबरू नका, तो ताणाचा परिणाम असतो. संध्याकाळपर्यंत ती नेहमीसारखी व्हायला हवी. कागदावर फक्त गडद हिरवे, थोडेसे ठिपके दिसत असतील तर पक्षी खात नाहीये, समोर वाटी कितीही चिवडलेली दिसो. टरफलं वेगळी करून बघा. दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन करा. निघतानापेक्षा दहा टक्के कमी भरलं, म्हणजे नव्वद ग्रॅमचा कॉकाटील एक्क्याऐंशीवर आला, तर परतीचा प्रवास पुढे ढकला आणि तिथल्याच पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरकडे न्या.