महाराष्ट्रात दुकान किंवा कार्यालय चालवताना ‘शॉप ॲक्ट’ची पूर्तता कशी करावी

गल्ल्यामागे, देवाच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीत लावलेला कागद म्हणजे शॉप ॲक्ट, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. जुने व्यापारी त्यालाच अजूनही गुमास्ता म्हणतात. बँकेत चालू खाते उघडताना तो कागद मागतात, म्हणून तो काढला जातो आणि तेवढ्यावर विषय संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात त्या कागदामागे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा कायदा आहे. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. कामगाराने किती तास उभे राहायचे, त्याला सुट्टी कधी मिळायची आणि जादा कामाचे पैसे किती द्यायचे, हे तो कायदा ठरवतो. त्यामुळे त्याची पूर्तता कागदापासून नव्हे, तर माणसे मोजण्यापासून सुरू करावी.

आधी माणसे मोजा

या कायद्यातील जवळजवळ प्रत्येक जबाबदारी कामगारांच्या संख्येवर अवलंबून आहे. मूळ कायद्यात ही सीमा १० कामगारांची होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती २० वर नेली. २० किंवा अधिक कामगार असतील तर रीतसर नोंदणी करावी लागते आणि कामाचे तास, सुट्ट्या, रजा यांविषयीच्या सर्व तरतुदी लागू होतात. त्याहून कमी असतील तर व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यावी लागते.

मोजताना विक्रेते, मदतनीस, हिशेबनीस, गोदामातील हमाल अशी मोबदला घेऊन काम करणारी माणसे धरावीत, मग त्यांना नेमणूकपत्र दिलेले असो वा नसो. तोंडी ठरवून ठेवलेला माणूसही कामगारच असतो. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेले उमेदवार कामगार ठरत नाहीत. मालकाचे कुटुंबीय, तसेच व्यवस्थापन, देखरेख किंवा गोपनीय स्वरूपाचे काम करणारी माणसे तरतुदींतून वगळली आहेत. त्यांची वेगळी यादी करावी. मात्र काउंटरवर कापड दाखवणाऱ्या मुलाला कागदोपत्री ‘व्यवस्थापक’ करून संख्या कमी दाखवू नये. काम काय करतो हे पाहिले जाते, हुद्दा नव्हे.

संख्या २० च्या आत आली म्हणजे सगळ्यातून सुटका झाली, असे समजू नये. किमान वेतनाची जबाबदारी स्वतंत्र आहे आणि ती लहान दुकानालाही आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती नेमावीच लागते. दहा ते एकोणीस कामगारांच्या दुकानांतील माणसांचे तासांचे आणि रजेचे संरक्षण या दुरुस्तीने काढून घेतले, हे मला चुकीचे वाटते. अशा मालकांनी पुढील नियम सक्तीचे नसले तरी आपल्या दुकानात चालू ठेवावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नोंदणी किंवा सूचना

व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत हे काम करावे. मुंबईत महानगरपालिकेचे दुकाने व आस्थापना खाते ते पाहते. राज्याच्या इतर भागांत कामगार विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो. मालकाचे ओळखपत्र, जागेचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि पाटीसह दुकानाचा फोटो एवढी तयारी ठेवावी. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते आणि मुदत संपण्याआधी तिचे नूतनीकरण करावे लागते. सूचनेची पावती मात्र एकदाच घ्यायची असते, तिला नूतनीकरण नाही. ‘पावतीची मुदत संपली’ असे सांगून कोणी दरवर्षी पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

फोटो काढण्याआधी पाटी तपासावी. २०२२ च्या दुरुस्तीपासून लहानमोठ्या प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीत मराठीत असणे बंधनकारक आहे. इतर भाषा वापरता येते, पण मराठी मजकूर आधी हवा आणि त्याची अक्षरे इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली होती.

कामाचे तास: खरी परीक्षा इथे आहे

आठवड्याला ४८ तास ही मर्यादा जुनीच आहे. २०२५ च्या दुरुस्तीने दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर, विश्रांतीशिवाय सलग काम करण्याची मर्यादा ५ तासांवरून ६ तासांवर आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तासांवर गेली. दिवसाचे दहा तास झाले म्हणजे आठवड्याचे साठ झाले, असा अर्थ अनेकांनी काढला. तो चुकीचा आहे. ४८ च्या पुढचा प्रत्येक तास जादा कामाचा असतो आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो.

सकाळी १० ते रात्री ९ उघडे असणारे कापडाचे दुकान घेऊ. सर्व माणसे उघडण्यापासून बंद होईपर्यंत असतात आणि जेवणाला एक तास मिळतो. म्हणजे दिवसाचे १० तास, सहा दिवसांचे ६०. आठवड्याला १२ तास जादा. तीन महिन्यांत तेरा आठवडे धरले तर १५६ तास होतात. नव्या, वाढवलेल्या मर्यादेतही हे दुकान बसत नाही! पैशांचा हिशेबही करून पाहा. महिना १५,६०० रुपये वेतन असेल, तर २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरून तासाला ७५ रुपये पडतात. दुप्पट दराने १५०. आठवड्याचे १२ तास म्हणजे एका कामगारामागे १,८०० रुपये.

याला सोपा उपाय आहे. निम्मी माणसे १० ते ७ आणि निम्मी १२ ते ९ अशी बोलवावीत. जेवणाचा तास वगळता प्रत्येकाचे आठ तास होतात, आठवड्याचे बरोबर ४८. संध्याकाळी पाच ते सात या गर्दीच्या वेळेत सगळे हजर असतात आणि सकाळच्या रिकाम्या वेळेत उगाच उभे राहणे टळते.

हजेरीपट खरा ठेवावा. एका दुकानात मी पाहिलेल्या हजेरीपटात चौदा नावांपुढे महिनाभर ‘१०:००’ आणि ‘७:००’ एवढेच होते, सगळे एकाच पेनाने, एकाच हाताने, आणि महिन्याची शेवटची तारीख उजाडण्याआधीच तिचा रकाना भरलेला होता. असा पट मालकाला वाचवत नाही, उलट त्याच्यावरचा विश्वास घालवतो. कामगाराने आला-गेलेली वेळ स्वतः लिहून सही करावी. नोंदी संगणकावर ठेवण्यास कायद्याची परवानगी आहे.

सुट्ट्या आणि रजा

दुकान सातही दिवस उघडे ठेवता येते, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे. ती देता आली नाही, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी. वर्षाला ८ नैमित्तिक रजा असतात. त्या पुढच्या वर्षात जात नाहीत. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सणांच्या भरपगारी सुट्ट्या आठ आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. डिसेंबरात पाच मिनिटे बसून ही यादी करावी आणि भिंतीवर लावावी, म्हणजे ऐन गणपतीत वाद होत नाहीत. अशा दिवशी कामाला बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी अशा दोन्ही गोष्टी द्याव्या लागतात. दोन्हींपैकी एक नव्हे.

स्त्री कामगाराला रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. प्रत्येक कामगाराला ओळखपत्र द्यावे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार पेटी आवश्यक आहे. ५० किंवा अधिक कामगार असतील तर पाळणाघर, १०० असतील तर उपाहारगृह.

तपासणी, दंड आणि बदल

तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला या कायद्यात सुविधाकार म्हटले आहे. तो आल्यास नोंदणी, हजेरी, वेतन आणि रजेच्या नोंदी एकत्र दाखवता याव्यात. उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तेच उल्लंघन पुन्हा झाल्यास दोन लाखांपर्यंत.

पत्ता, भागीदार किंवा व्यवसायाचे स्वरूप बदलले तर ३० दिवसांच्या आत कळवावे. दुकान बंद केले तरी ३० दिवसांत तसे कळवून नोंद काढून टाकावी. त्याआधी प्रत्येक कामगाराच्या थकीत वेतनाचा, जादा तासांचा आणि साठलेल्या रजेचा हिशेब त्याच्यासमोर करून त्याची सही घ्यावी, आणि हजेरीपट दुकानाबरोबर रद्दीत न घालता घरी जपून ठेवावा.